पाण्याने नेलेली जमीन आणि यिर्मयाचे शेत

बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकात, 14व्या अध्यायात, दोन चित्रे शेजारी शेजारी आहेत. झाड तोडले तरी पाण्याच्या नुसत्या वासाने त्याच्या बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात, हे एक. पाणी दगड झिजवते, पूर माती वाहून नेतो, तशी माणसाची आशाही वाहून जाते, हे दुसरे. सगळे गमावून बसलेल्या माणसाने देवाला तोंडावर सांगितलेली ही गोष्ट आहे. पवित्र शास्त्राने ती पुसून टाकलेली नाही. पूर आणि किनाऱ्याची धूप यांबद्दल ख्रिस्ती आशा काय म्हणते हे शोधायचे तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते.

युरोपातल्या उत्तर समुद्राकाठच्या लोकांनी आपल्या महापुरांना संतांची आणि सणांची नावे दिली. 1362चा संत मार्सेलसचा पूर, 1421चा संत एलिझाबेथचा, 1570चा सर्व संतांच्या दिवसाचा, 1717चा नाताळचा. ज्या दिवशी पाणी आले, त्या दिवसाचे नाव. अशा पुरांनंतर हा पापाचा दंड आहे, असा उपदेश होत असे. मला तो तेव्हाही अन्यायाचा वाटतो आणि आजही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांहून जास्त पापी होती असे समजता काय, असा प्रश्न लूकच्या 13व्या अध्यायात येशूच विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. बुडालेल्या घरासमोर उभे राहून त्या घरच्यांचे पाप मोजण्याचा अधिकार त्याने कोणालाच दिलेला नाही.

त्याच किनाऱ्यांवर ख्रिस्ती लोकांनी दुसरेही काहीतरी केले, आणि त्याची आठवण फार कमी निघते. आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्स प्रांतातल्या टेन डुइनेन मठाच्या, सिस्टर्सियन या कॅथलिक संघाच्या संन्याशांनी मध्ययुगात खाऱ्या दलदलीला बांध घातले, चर खणले आणि समुद्राकडून शेतजमीन मिळवली. त्यांच्या दिवसात प्रार्थनेचे तास होते, तसे फावड्याचेही होते. पुढे 31 जानेवारी 1953च्या रात्री उधाणाची भरती आणि वायव्येचे वादळ एकाच वेळी आले, बांध फुटले, नेदरलँड्समध्ये 1836 आणि इंग्लंडमध्ये 307 माणसे गेली. त्यानंतर डच लोकांनी समुद्राचे पाणी अडवणाऱ्या धरणांचा आणि बांधांचा डेल्टा प्रकल्प हाती घेतला. तो पुरा व्हायला 1997 उजाडले.

धुपेचे दुःख मात्र वेगळे असते. पुराचे पाणी ओसरते, गाळ उपसता येतो. धुपेने गेलेली जमीन परत येत नाही. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, पावसाने वरची माती भिजून जड होते आणि एके दिवशी सगळा कडा खाली बसतो. यात माणसाचाही हात आहे. नद्यांवरच्या धरणांत गाळ अडतो, पुळणीची रेती उपसली जाते, एका गावाने घातलेल्या बंधाऱ्यामुळे पुढच्या गावाची वाळू तुटते. 1901 ते 2018 या काळात जगभरातली समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटरने वाढली, ती वेगळीच. इंग्लंडमधले डनिच हे एकेकाळचे मोठे बंदर. 1286च्या वादळापासून ते तुटत गेले आणि एकामागून एक चर्च समुद्रात गेली. शेवटचे ऑल सेंट्स. त्याचा बुरूज 1919 साली कोसळला. दफनभूमीही कड्याबरोबर तुटत होती आणि मातीतून पूर्वजांची हाडे बाहेर डोकावत होती. पुनरुत्थानाच्या आशेने पुरलेली माणसे होती ती.

पॅसिफिकमधल्या सखल बेटांवर कित्येक भाविक मेघधनुष्याकडे बोट दाखवत आले: पुन्हा जलप्रलय आणणार नाही असे देवाने नोहाला वचन दिले आहे, मेघधनुष्य ही त्याची खूण, आम्ही बुडणार नाही. त्या श्रद्धेला हसणे मला जमणार नाही. पण उत्पत्तीच्या 9व्या अध्यायातला तो करार सगळ्या पृथ्वीशी, प्रत्येक जिवाशी आहे. देवाने पाळायच्या त्या वचनाच्या आड माणसाला आपली कामे लपवता येत नाहीत. 2004 साली किरिबाटीत जमलेल्या पॅसिफिक चर्चेसनीही हवामानबदलाची जबाबदारी माणसाच्या कृतींवर ठेवली.

आशेचे खरे चित्र मला यिर्मयाच्या 32व्या अध्यायात दिसते. यरुशलेमेला वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः कैदेत, देश हातचा जाणार हे त्यानेच सांगितलेले. तरी तो अनाथोथ या आपल्या गावचे शेत 17 शेकेल चांदी तोलून विकत घेतो आणि खरेदीखत मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावतो. शहर वाचेल असे तो म्हणत नाही. या देशात पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे देवाचे वचन तो सांगतो.

पापुआ न्यू गिनीतल्या कार्टरेट बेटांवर खारे पाणी बागांत शिरले, खायचे कंद सडले. तिथल्या वडीलधाऱ्यांनी 2006 साली तुलेले पेइसा ही संस्था उभी केली. आपल्या बळावर लाटांवरून शीड हाकणे, असा त्या नावाचा अर्थ. बूगनव्हिलच्या मोठ्या बेटावर, टिनपुट्झला, कॅथलिक चर्चने आपली जमीन त्यांना दिली. तिथे गेलेल्या कुटुंबांनी घरे बांधली आणि कोकोची झाडे लावली.