‘गोलेम’ प्रयोगात रोबोटने रोबोटला जन्म दिला नव्हता

‘यंत्रांनी स्वतःच यंत्रं घडवली, आता माणसाची गरज संपणार’ हे भाकीत २००० सालापासून फिरतं आहे. त्यामागचा ‘गोलेम’ नावाचा प्रयोग खरा आहे. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात हॉड लिप्सन आणि जॉर्डन पोलॅक यांनी तो केला. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

यंत्रं पिढ्यान्‌पिढ्या सुधारत गेली, म्हणजे त्यांची उत्क्रांती झाली, ती संगणकात. तिथे २०० काल्पनिक यंत्रं होती. दांड्या, लांबी कमी-जास्त करणाऱ्या मोटारी आणि त्या चालवणारं छोटं न्यूरल नेटवर्क (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावर बेतलेली गणिती रचना), एवढंच त्यांचं अंग. जे यंत्र जास्त अंतर सरकेल त्याच्या प्रती निघायच्या, प्रतींत बारीक फेरफार व्हायचे. असं शेकडो पिढ्या चाललं. ‘सरकणं म्हणजे यश’ हा निकषही माणसांनीच घालून दिला होता.

निवडक रचना थ्रीडी प्रिंटरने प्लास्टिकमध्ये छापल्या. मोटारी मात्र माणसाने हाताने बसवल्या.

खरी अडचण जमिनीवर आली. एका यंत्राने संगणकातल्याइतकंच, सुमारे ३८ सेंटिमीटर अंतर कापलं. दुसरं संगणकात ८५ सेंटिमीटर गेलं होतं. प्रत्यक्षात, छापलेलं यंत्र आकाराने लहान होतं याचा हिशेब धरूनही, ते जेमतेम २३ सेंटिमीटर गेलं. कारण पाय फरशीवर घसरत होते. संगणकातल्या हालचालींत मुद्दाम थोडी अनिश्चितता मिसळूनही घर्षणाचा अंदाज चुकला. संगणकात जमलेलं जमिनीवर न जमणं, हे या क्षेत्रातलं चिवट दुखणं आजही आहे.

आणि छापलेल्या यंत्रात ना प्रिंटर होता, ना निवड करणारा संगणक. पुढची पिढी ते काढणार कशी?