खडपावरचा पैलवान

हिवाळ्यात रंकाळ्याच्या दगडी काठावर एक लहानसा करडा पक्षी शेपूट सारखी खालीवर हलवत फिरत असतो. तो तुतवार. सकाळी चालायला येणारे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि त्याचीही काही तक्रार दिसत नाही. पण याच गोतावळ्यातला एक पक्षी असा आहे की त्याला कोल्हापूरकरांनी ओळखलंच पाहिजे. फक्त तो वर येत नाही. त्याच्यासाठी आपल्याला घाट उतरावा लागतो.

गगनबावड्यावरून खाली मालवणला गेलो होतो. सुकती म्हणजे ओहोटी लागली होती आणि काळं खडप उघडं पडलं होतं. पाच-सहा पक्षी त्यावर खुडबुडत होते. मैनेएवढे, ठेंगणे, पाय नारिंगी, छातीवर काळपट पट्टा. त्यातला एक तळहाताएवढ्या चपट्या दगडापाशी थांबला. चोच दगडाखाली सरकवली, गुडघे मोडून खाली बसल्यासारखा झाला आणि मानेचा एकच हिसका दिला. दगड उलटा! खालचे उड्या मारणारे किडे पळायच्या आत त्याने दोन-तीन टिपलेसुद्धा. बरोबरचा मित्र तालमीत वाढलेला. तो म्हणाला, "चीत केला की रं भावा!"

इंग्रजीत याला टर्नस्टोन म्हणतात, म्हणजे दगड उलटणारा. मित्राची उपमा शास्त्रालाही मान्य व्हावी अशीच आहे. याची चोच आखूड, पाचरीसारखी आणि टोकाला किंचित वर वळलेली. अगदी पहारच. मान जाड, पाय बुटके, त्यामुळे जोर लावताना तोल जात नाही. तळपाय खरखरीत आणि नख्या वाकड्या, म्हणून ओल्या शेवाळावरही पाय घसरत नाही. जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅमचा हा प्राणी जवळजवळ आपल्या वजनाचा दगडही हलवतो. दगड त्याहून भारी असेल किंवा मोठा मेलेला मासा असेल, तर दोघंतिघं मिळून जोर लावतात.

बरं, डाव एकच नाही. शेवाळाचे गुंडे ढकलून बाजूला करणं, वाळू उकरणं, चोच खुपसून चाचपणं, कवच ठोकून फोडणं, नुसतं वरवर टिपणं असे किमान सहा प्रकार अभ्यासकांनी नोंदवलेत. प्रत्येक पक्ष्याचा हातखंडा डाव वेगळा असतो. थव्यात वस्तादही असतात. शेवाळाचा चांगला ढीग त्यांनी धरला की बाकीच्यांनी लांब राहायचं.

खाण्याच्या बाबतीत मात्र याला अजिबात विधिनिषेध नाही. किडे, कुर्ल्या, शिंपले, दुसऱ्या पक्ष्यांची अंडी हे झालं नेहमीचं. साबणाची वडी खाल्ल्याचीही नोंद आहे, आणि १९६६ साली एका ब्रिटिश पक्षीविषयक मासिकात हे पक्षी किनाऱ्यावर माणसाचं प्रेत टोचताना दिसल्याची टिपण छापून आली होती. जेवायच्या आधी वाचू नये अशी.

शास्त्रीय नाव अरेनारिया इंटरप्रेस. यातल्या इंटरप्रेसची गंमत आहे. स्वीडनच्या गोटलँड बेटावर, सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 'टोल्क', म्हणजे दुभाषी, हे नाव ऐकलं आणि ते या पक्ष्याचं समजून १७५८ साली लॅटिनमध्ये चिकटवून टाकलं. गोटलँडचे लोक टोल्क म्हणायचे ते रेडशँक नावाच्या दुसऱ्याच पक्ष्याला. पैलवान मात्र तेव्हापासून दुभाषा म्हणून मिरवतोय.

आपल्याकडे तो पाहुणा. पावसाळा सरता सरता येतो, उन्हाळा तापला की निघतो. घर थेट आर्क्टिकच्या किनारी. तिथल्या उघड्या जमिनीवर खळग्यात साधारण चार अंडी असतात. बावीस-चोवीस दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि ती उडायला लागण्याआधीच बहुधा आई निघून जाते. शेवटचे दिवस राखण बापाची. तिकडे जायच्या सुमारास याचा रंगही पालटतो. पाठ विटकरी होते आणि चेहऱ्यावर काळ्या-पांढऱ्या रेघांची नक्षी उमटते. ही नक्षी प्रत्येकाची वेगळी, त्यावरून शेजारी एकमेकांना ओळखतात.

प्रवासाचा आवाका कळला तो पायाला बसवलेल्या, ग्रॅमभराच्या प्रकाशमापक यंत्रांमुळे. उजेड कधी पडला, कधी मावळला यावरून पक्षी कुठे होता ते त्यातून काढता येतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघालेले काही पक्षी सुमारे सहा दिवसांत ७,६०० किलोमीटर उडून तैवानला उतरले, मध्ये कुठेही न थांबता. त्यातल्या एकाची सायबेरियापर्यंतची जा-ये २७,००० किलोमीटरची भरली. निघण्याआधी हे पक्षी भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवतात. खुराकाशिवाय पैलवानकी नाही, हे खासबागेच्या कुस्ती मैदानात काय आणि खडपावर काय, सारखंच.

मे महिन्याच्या सुट्टीत निम्मं कोल्हापूर मालवणला असतं. तेव्हा खडपावर एखादा मळकट तपकिरी टर्नस्टोन एकटाच दगड उलटताना दिसला, तर तो आजारी किंवा वाट चुकलेला आहे असं समजू नका. बहुधा ते गेल्या वर्षीचं पोर असतं. पहिल्या उन्हाळ्यात यांच्यातली बरीच पोरं घरी जातच नाहीत.