राउटर ‘सेव्ह’ केला का?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नेटवर्क सांभाळणाऱ्यांना एक तक्रार ठरलेली: “काल तर चालू होतं!” ती बहुतेकदा लाइट जाऊन आल्यावरच येते. तिचं मूळ राउटरच्या सेटिंगमधल्या ‘सेव्ह’ या शब्दाच्या गुंत्यात आहे.

अगदी सुरुवातीला राउटरच्या सिरियल पोर्टला टर्मिनल जोडून आदेश टाइप करायचे, एवढंच. पुढे नेटवर्कवरून दुरूनच आदेश द्यायला टेलनेट वापरात आलं, पण त्यात पासवर्ड उघडाच जायचा. फिनलंडमधल्या एका विद्यापीठात अशी पासवर्डचोरी झाली आणि १९९५ मध्ये तिथूनच एसएसएच, म्हणजे सगळं सांकेतिक करून पाठवणारी पद्धत, आलं.

नाशिकमध्ये आमची पिढी शिकली ती फिकट निळ्या, चपट्या कन्सोल केबलवर. नऊ पिनांचं टोक कॉम्प्युटरच्या मागे, आदेश टाइप करायला विंडोज एक्सपीतलं हायपरटर्मिनल, स्पीड ९६००. स्पीड चुकला की स्क्रीनवर नुसता चिन्हांचा कचरा. एंटर दाबताच ओळ लागू व्हायची, पण वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या रॅममधल्या रनिंग कॉन्फिगपुरतीच, म्हणजे चालू सेटिंगपुरतीच. ती टिकवायला ‘राइट मेमरी’ मारावं लागे. मग ती वीज गेली तरी टिकणाऱ्या एनव्हीरॅममधल्या स्टार्टअप कॉन्फिगमध्ये उतरे, राउटर सुरू होताना तीच वाचतो. अंबडच्या एका युनिटमध्ये मी दिवाळीआधी टाकलेला रूट (डेटाचा मार्ग) सुट्टीनंतर गायब होता. यूपीएसची बॅटरी संपलेली, आणि राइट मारायला मीच विसरलेलो.

आधी लागू, मग सेव्ह, या दोन पायऱ्या कशाला, हा वाद अजून चालू आहे. माणूस विसरतो, म्हणून त्या नकोत, असं एक म्हणणं. मला ते पटत नाही. मालेगावच्या शाखेतला राउटर इथे बसून बदलताना आधी ‘रिलोड इन १०’ मारून ठेवायचं. कोणाला आत सोडायचं हे ठरवणाऱ्या ॲक्सेस लिस्टमध्ये चूक होऊन आपलीच वाट बंद झाली, तर दहा मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतो. बाइक काढावी लागत नाही! १९९८ मध्ये बाजारात आलेल्या दुसऱ्या एका राउटर प्रणालीने तर बदल आधी मसुद्यात ठेवले. ‘कमिट’ म्हटल्याशिवाय काहीच लागू होत नाही.

वेब पॅनेलने गुंता सोडवायचा सोडून वाढवला. १९२.१६८.१.१ उघडून घरगुती राउटरवर ‘सेव्ह’ दाबलं की बदल लागूही होतो आणि टिकतोही. ब्रॉडबँडच्या पहिल्या लाटेतल्या काही मोडेममध्ये मात्र ‘सेव्ह आणि रीबूट’चं वेगळं पान असायचं, ते राहिलं की सगळं वाया. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरवर घालायची मुक्त प्रणाली २००४ पासूनची. तिच्या पॅनेलमध्ये नुसतं ‘सेव्ह’ म्हणजे मसुदा. लागू करायला ‘सेव्ह अँड अप्लाय’. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमध्ये सेव्हचं बटणच नाही, जे केलं ते तत्क्षणी कायम. तिथे आधी ‘सेफ मोड’ लावायचा, म्हणजे कनेक्शन तुटलं तर बदल मागे घेतले जातात.

मग लक्ष पासवर्डकडे वळलं. २०१६ मध्ये मिराय हा घातक प्रोग्रॅम फॅक्टरी पासवर्ड वापरून टेलनेटवाटे पसरला. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडेही ‘ॲडमिन-ॲडमिन’वर राहिलेले हजारो ब्रॉडबँड मोडेम बंद पडले. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना एकच ठरलेला पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे.

सेव्हच्या बाबतीत वेबवाल्यांनी उशिरा का होईना, कमांड लाइनचाच कित्ता गिरवला. २०१८ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीच्या पॅनेलमध्ये सोय आली: बदल लागू केल्यावर ब्राउझर ठरावीक सेकंदांत राउटरपर्यंत पुन्हा पोहोचला नाही, तर जुनी सेटिंग आपोआप परत येते.