दम्यावर सूर: एका पूरक उपचाराची पार्श्वभूमी

दम्याच्या रुग्णाला सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचे, वाद्य वाजवायला देण्याचा विचार आज नवा वाटला, तरी त्याचे मूळ एका जुन्या आणि बऱ्याच अंशी चुकलेल्या समजुतीत आहे. एकोणिसाव्या शतकात अनेक डॉक्टर दमा हा मज्जातंतूंचा विकार मानत. १८८६ मध्ये बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मॅकेन्झी यांनी गुलाबाने बेजार होणाऱ्या एका महिलेसमोर कृत्रिम गुलाब धरला. परागकणांचा मागमूस नसताना तिचे नाक चोंदले आणि छाती दाटून आली. पुढे शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनाशी जोडलेल्या सात आजारांत दम्यालाही बसवले. याच काळात, १९४४ मध्ये, मिशिगनमध्ये संगीतोपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९५० मध्ये अमेरिकेत संगीतोपचारकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मन निवले की छातीही मोकळी होईल, हा तर्क त्या वातावरणात सहज पटण्यासारखा होता.

श्वासनलिकांची सूज हे दम्याचे मुख्य अंग आहे हे स्पष्ट झाल्यावर तो तर्क मागे पडला. १९६९ मध्ये श्वासनलिका मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल आणि १९७२ मध्ये सूज कमी करणाऱ्या स्टिरॉइडचा इनहेलर आल्यावर तर त्याची गरजही उरली नाही. संगीत टिकले ते वेगळ्या कारणाने, आणि माझ्या मते अधिक भक्कम कारणाने. दम्यात आत घेतलेली हवा बाहेर सोडणे विशेष जड जाते. सुषिर वाद्य वाजवणाऱ्याला नेमका तोच, ओठ आवळून सावकाश सोडलेला, लांब उच्छ्वास साधावा लागतो. न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात १९९४ मध्ये ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या नावाने सुरू झालेल्या संगीतोपचार विभागाने दमेकरी मुलांसाठी ही वाट धरली. अर्थात, आजवरचे बहुतेक अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत आणि दम लागल्यावर इनहेलरला पर्याय नाही, म्हणून या उपचारामागचे ‘पूरक’ हे विशेषण गाळून चालत नाही.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये मूलनिवासी समाजात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दमेकरी मुलग्यांना डिजरिडू शिकवण्यात आले. हे लांब पोकळ लाकडी वाद्य वाजवताना गालांत साठवलेली हवा बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास घ्यावा लागतो. परंपरेने ते पुरुषांचे वाद्य असल्यामुळे मुलींना मात्र गायन शिकवले गेले.