जोर नको, उष्णता द्या: जुन्या मोटारसायकलीच्या दुरुस्तीतलं विज्ञान

वर्षानुवर्षं उभी असलेली मोटारसायकल खोलायला घेतली की पहिला-दुसरा बोल्टच अडतो. हात आपोआप लांब दांड्याच्या पान्याकडे जातो आणि मग एक तर बोल्टचं डोकं गोल होतं, नाही तर बोल्ट तुटून अर्धा आतच राहतो. इथे ताकद कामाची नाही. बोल्ट कशाने धरलाय ते आधी ओळखायला हवं, कारण उपाय त्यावर ठरतो.

लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज तयार होतो. पाणी धरून ठेवणारं हे ऑक्साइड ज्या लोखंडापासून बनतं त्याच्या दुपटीहून जास्त जागा घेतं. मोकळ्या पत्र्यावर त्याचे पोपडे सुटतात. आट्यांच्या फटीत फुगायला वाव नसतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंना दाब देतो आणि नट पाचर ठोकल्यासारखा आवळला जातो. इंजिनावर प्रकार वेगळा असतो. तिथे पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसलेला असतो. ओल शिरली की या दोन धातूंचा छोटासा विद्युतघट तयार होतो; त्यात ॲल्युमिनियम झिजतं आणि आट्यांत पांढरी भुकटी दाटून बसते. निघालेल्या पहिल्या बोल्टच्या आट्यांवर तांबडी पूड आहे की पांढरी, हे नीट बघून ठेवावं. बाकीचे बोल्ट कसे वागणार याचा अंदाज तिथेच येतो.

दोन्ही प्रकारांत उष्णता मदतीला येते. पातळ तेल केशाकर्षणाने फटीत शिरतं खरं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. रात्रभर सोडलं तर उत्तम. तापवून थंड केलं की गंजाच्या थराला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत तर निसर्गच आपल्या बाजूने आहे. एका अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम दर मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन प्रसरण पावतं, पोलाद फक्त १२ च्या आसपास. म्हणजे केसिंग तापवलं की भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं.

हा फरक बेअरिंग बदलताना डोळ्यांनी दिसतो. समजा, क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कवचात, ५२ मिलिमीटर व्यासाचं बेअरिंग बसलंय. केस १०० अंशांनी तापवला तर त्याचं भोक ०.१२ मिलिमीटरने मोठं होतं. बेअरिंग घट्ट बसावं म्हणून ठेवलेला फरक मिलिमीटरच्या काही शतांश भागांचाच असतो. त्यामुळे केस सगळीकडून सारखा तापला की लाकडावर हलकेच आपटताच बेअरिंग स्वतःहून खाली पडतं. नवं बसवताना ते रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावं. तापलेल्या केसमध्ये ते हातानेच सरकतं. हातोडीने ठोकून बसवलं तर बेअरिंगच्या धावपट्टीवर गोळ्यांचे खड्डे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. मात्र तापवताना एक जपायचं. पोलाद लालबुंद होऊन सावध करतं, ॲल्युमिनियम रंग न बदलता एकदम वितळतं. म्हणून ज्योत एका जागी धरू नये. पाण्याचा थेंब टाकल्यावर चरचरला की पुरे.

पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर योग्य मापाचे हवेत, हे सांगायला सोपं आहे, पण त्यात इतिहास गुंतलेला आहे. ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचं प्रमाण मांडलं, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. जुन्या ब्रिटिश गाडीच्या व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नव्हे. जुन्या जपानी गाड्यांवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण त्यांचं प्रमाण वेगळं आहे. फिलिप्स ड्रायव्हर त्या खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही, जोर लावताच वर उचलला जातो आणि खाच खराब करतो.

सुट्या भागांवरचा गंज काढायला मला विद्युत-अपघटन, म्हणजे पाण्यातून वीज सोडण्याची पद्धत, सगळ्यात जास्त आवडते, कारण ती शाबूत लोखंडाला जवळजवळ हात लावत नाही. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घ्यायचं, लिटरमागे साधारण एक लहान चमचा धुण्याचा सोडा टाकायचा. गंजलेला भाग १२ व्होल्ट डीसी पुरवठ्याच्या ऋण टोकाला, भंगारातली पोलादी पट्टी धन टोकाला जोडायची आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. काही मिनिटांत भागावर बारीक बुडबुडे दिसू लागतात. हा हायड्रोजन. तो गंजाचे पापुद्रे खालून उचलतो आणि थोड्या गंजाचं काळ्या मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होतं. काही तासांनी भाग बाहेर काढला तर त्यावरचा काळा लेप ब्रशने सहज निघतो. पट्टीच्या समोर असलेली बाजू आधी साफ होते, म्हणून भाग अधूनमधून फिरवावा. बाहेर काढल्यावर लगेच कोरडा करून तेल लावलं नाही, तर उघडं पोलाद बघता बघता पुन्हा तांबूस होतं. आणि जे लोखंड खाल्लं गेलंय ते परत येत नाही. खड्डे तसेच राहतात.

या पद्धतीचे धोकेही रसायनातूनच येतात. मीठ घातलं तर धन टोकाशी विषारी क्लोरीन सुटू शकतो. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरली तर पाण्यात कर्करोगकारक हेक्साव्हॅलंट क्रोमियम उतरू शकतं. हायड्रोजन स्फोटक, म्हणून काम उघड्यावर करावं आणि पुरवठा बंद केल्याशिवाय चिमटे काढू नयेत. ॲल्युमिनियमचे भाग या टबात अजिबात घालू नयेत, सोडा त्यांनाच खातो. स्प्रिंग आणि कठीण केलेले बोल्टही नकोत, कारण हायड्रोजनचे अणू पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतात आणि असा भाग पुढे भार आल्यावर अचानक तुटू शकतो.

ड्रम ब्रेक उघडताना आतली धूळ कधीही हवेने उडवू नये. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे रुततात. धूळ ओली करून पुसून घ्यावी. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वर्षानुवर्षं साचलं की त्याचा डिंकासारखा थर बनतो. तो पायलट जेटच्या, म्हणजे कमी वेगावर पेट्रोल सोडणाऱ्या तोटीच्या, मिलिमीटरहूनही लहान भोकात बसतो आणि इंजिन सुरू झालं तरी आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, टिकत नाही. तिथे तार घालू नये, भोक जराही मोठं झालं तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं गणित बिघडतं.

मिश्रणाचा हा प्रश्न गाडी आपल्या मनासारखी बदलतानाही येतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. मूळ एअर बॉक्स काढून उघडा फिल्टर लावला, सायलेन्सर मोकळा केला, की हवेचा प्रवाह बदलतो आणि जुना जेट बहुधा कमी पडतो. पेट्रोल कमी पडलं की ज्वलन तापतं आणि पिस्टनचा माथा धोक्यात येतो. आवाज भारी झाला म्हणून खूश होण्याआधी जेट बदलून प्लगचा रंग तपासायला हवा.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या चिमट्याची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची. हँडलची नळी ज्या रेषेत तिरकी असते ती रेषा जमिनीला टेकवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्याच्या पुढे पडते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. त्याच्यामुळे चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. चाकांच्या घूर्णनामुळे दुचाकी उभी राहते ही समजूत मात्र अपुरी आहे. डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलेली एक खास सायकल घूर्णनाचा परिणाम आणि ट्रेल या दोन्हींच्या आधाराशिवायही स्वतःला सावरत होती. वजनाची मांडणीही त्यात भाग घेते. पण आपल्या गाडीचं वजन जिथे आहे तिथेच राहणार, तेव्हा ट्रेलला हात लावताना हिशोब हवा.

समजा, चाकाची त्रिज्या ३२० मिलिमीटर, हँडलच्या नळीचा उभ्या रेषेशी कोन २७ अंश आणि चिमटा त्या रेषेपासून ५० मिलिमीटर पुढे आहे. ट्रेल येतो सुमारे १०७ मिलिमीटर. गाडी पुढून सुमारे ४० मिलिमीटर खाली घेतली की कोन साधारण दीड अंशाने कमी होतो आणि ट्रेल ९७ वर येतो. हँडल हलकं वाटतं, पण वेगात थरथरण्याची शक्यता वाढते. चॉपरसारखा कोन ४० अंशांवर नेला आणि चिमटा तोच ठेवला तर ट्रेल २०० च्या पुढे जातो. गाडी सरळ रस्त्यावर रुळावर चालल्यासारखी जाते, पण कमी वेगात वळताना चाक एका बाजूला लोळतं. चेसिसला कटर लावण्यापूर्वी गाडी सरळ उभी करून हँडलच्या नळीची रेषा जमिनीपर्यंत दोरीने उतरवावी, पुढच्या आसापासून ओळंबा सोडावा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजून कागदावर लिहून ठेवावं.