दोन युद्धांची पदके (हवाई दल अधिकारी)

१९६५ आणि १९७१ या दोन्ही भारत-पाक युद्धांच्या वेळी सेवेत असलेल्या हवाई दल अधिकाऱ्याच्या डाव्या छातीवरील पदकांची रांग. जळगाव, धुळे, नंदुरबार या खानदेशातल्या जिल्ह्यांत निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरी अशी रांग बहुधा बैठकीच्या खोलीत, काचेच्या चौकटीत असते. पाहुणे सगळीच पदके शौर्याची समजतात. तशी ती नसतात, आणि त्यात कमीपणाही काही नाही.

रांग लागते ती मानाच्या क्रमाने, सालाच्या नव्हे. म्हणून १९७१ चे वीर चक्र १९६५ च्या स्टारच्या, म्हणजे युद्धक्षेत्रातल्या कामाबद्दलच्या पदकाच्या, आधी येते. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. हवाई दलात परमवीर चक्र एकच आहे : फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांचे, श्रीनगरवरील १४ डिसेंबर १९७१ च्या झुंजीसाठी, मरणोत्तर. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. १९६० साली सुरू झालेल्या वायुसेना मेडलच्या फितीवर करड्या-केशरी तिरप्या पट्ट्या असतात. हे मेडल धैर्यासाठीही मिळे आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. नेमके कशासाठी मिळाले ते फीत सांगत नाही, प्रशस्तिपत्र वाचावे लागते.

दोन्ही युद्धांत तेच शौर्यपदक मिळाले, तर दुसरी चकती देत नाहीत; पहिल्याच फितीवर आडवी पट्टी, म्हणजे ‘बार’, चढतो. कॅनबेरा बाँबर विमानांचे पद्मनाभ गौतम यांना १९६५ मध्ये महावीर चक्र आणि १९७१ मध्ये त्यावर बार मिळाला. विनोद नेब यांचे वीर चक्र आणि बारही याच दोन युद्धांचे. जगमोहन नाथ यांचे महावीर चक्र १९६२ चे आणि बार १९६५ चा. चकत्या मोजणाऱ्याला इथे एकच पदक दिसते, आणि सगळ्यात मोठी गोष्ट नजरेतून निसटते.

उरलेली बहुतेक पदके तैनातीची. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. १९७१ साठी पूर्वी किंवा पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. स्टार मिळतो तो युद्धक्षेत्रात काम केलेल्याला. मागच्या तळावर विमानांची देखभाल करणाऱ्या किंवा प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्याकडे नुसती रक्षा आणि संग्राम मेडल असू शकतात. स्टार नाही याचा अर्थ नेमणूक दुसरीकडे होती, एवढाच. दोन्ही स्टार आधी आणि दोन्ही मेडल नंतर लागत असल्याने एकाच युद्धाची जोडी रांगेत शेजारी दिसत नाही. त्यांच्यामागे सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्षाचे मेडल, २० आणि ९ वर्षांच्या सेवेची पदके. मोहिमेच्या, म्हणजे युद्धाच्या स्टार किंवा मेडलच्या, फितीवर धातूचे छोटे कमळपान दिसले तर ते जरूर विचारावे : युद्ध-अहवालात नावाने उल्लेख झाल्याची ती खूण असते, आणि घरच्यांनाही पुष्कळदा ती नक्षी वाटते.

चौकट करणारा कारागीर रंग जुळवून पदके लावतो, तेव्हा क्रम मोडतो. अशा वेळी पदकाची कड पाहावी. तिथे सेवा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते.

या दोन्ही युद्धांची आघाडी खानदेशापासून फार दूर होती. लढाईशी इथला रोजचा संबंध भुसावळचे रेल्वे जंक्शन आणि तिथला १९४९ चा, तसेच वरणगावचा १९६४ चा आयुध निर्माणी कारखाना यांच्यामार्फत आला. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला.

जुनी कागदपत्रे शोधताना जिल्ह्याचे नाव अडवते. १९६० पूर्वी भरती झालेल्यांच्या पत्त्यात जळगाव ‘पूर्व खानदेश’ आणि धुळे ‘पश्चिम खानदेश’ असते. शहादा-नवापूरकडचा अधिकारी, नंदुरबार १९९८ मध्ये वेगळा झाल्यामुळे, पश्चिम खानदेश किंवा धुळे या नावाखाली सापडतो. नावावरून शोधण्यात फारसा अर्थ नाही, कारण खानदेशात पाटील आणि चौधरी मोजता येणार नाहीत इतके. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाताना कडेवरचा सेवा क्रमांक उतरवून न्यावा.