१४ एप्रिल आणि जपानी बॉम्बची गोष्ट

‘१९४४ साली मुंबईच्या गोदीत जपानी विमानांनी बॉम्ब टाकला आणि त्याची आठवण म्हणून १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात,’ असा संदेश अनेकांना आला असेल. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे तेव्हा मुंबईकरांनाही पहिल्यांदा तसंच वाटलं.

पण त्या दुपारचा घटनाक्रम पाहा. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, शिवाय कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. त्यातल्या एका कोठारात दोनच्या सुमारास धूर दिसला. बंब आले, जवान पाण्याचा मारा करू लागले. पहिला स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी, दुसरा साधारण अर्ध्या तासाने.

म्हणजे आग आधी लागली आणि स्फोट दोन तासांनी झाला. बॉम्ब पडला असता तर हा क्रम उलटा असता. ६६ जवान गेले, तेही ते आधीपासून तिथे झुंजत होते म्हणूनच. चौकशीतही हल्ल्याचा नव्हे, अपघाती आगीचाच निष्कर्ष निघाला.

पडताळायचं असेल तर त्या काळच्या चौकशीच्या नोंदींतल्या वेळा बघा. हा दिवस त्या ६६ जणांचा आहे. शत्रूच्या विमानांच्या गोष्टीत ते दोन तास झाकले जातात, याचं मला फार वाईट वाटतं.